‘खुर्ची छान झाली,’ असं ती म्हणाली

४ मार्च

प्रिय चिमणे,

तुला आशीर्वाद. आधी एकेकाची खुशाली कळव. तुझा खोकला गेला का? गेला नसेल तर तू अजून खिडकीशीच झोपतेस, हे मी इथे बसून ओळखतो. तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीची दाढ कशी आहे? घरमालकिणीचा गुडघा? आणि तिच्या त्या लठ्ठ कुत्र्याचं पोट? कचेरीतल्या तुझ्या खुर्चीचा एक पाय आखूड होता, तिच्याखाली पुठ्ठाच घालतेस का अजून? मी लाकडाची चकती पाठवली होती, ती बसव. आजारी खुर्चीला आजारी माणसासारखंच बघावं लागतं. हयगय केली की दोन्ही दुखणी आपल्याच पाठीवर येतात.

मी ठणठणीत आहे. सुईत दोरा ओवताना उजवा डोळा जरा नखरे करतो, तेवढंच. दुकानात एका दंतवैद्याची मोठी खुर्ची आली आहे. तिच्या हातांवर लोकांनी नखं रुतवून रुतवून जाळी केली आहे. तुझी आईही ठणठणीत असावी. ‘असावी’ म्हणतो, कारण ती वरच्या मजल्यावर, मी खाली दुकानात, आणि आमचा अबोला आहे. तिची तब्येत मी आता छतावरच्या पावलांवरून ओळखतो.

तुझं कार्ड मिळालं. ‘से’ आणि ‘टेल’ या दोन इंग्रजी शब्दांतला फरक मोठ्या माणसांना समजेल असा धडा तुला लिहायचा आहे, तो पसंत पडला तर नोकरी कायम, आणि साहेबांना उदाहरणं जिवंत हवीत. अगं, मी इंग्रजी शिकलो ते गोंदाच्या डब्यांवरून आणि शिवणयंत्राच्या माहितीपत्रकावरून. त्यात कोणी काही म्हणत नाही, नुसतं आपल्याला बजावत असतात. तरी माझ्या परीने सांगतो.

‘से’ला शब्द पुरतात, ‘टेल’ला माणूस लागतो. ‘आय सेड गुड मॉर्निंग’ म्हटलं की वाक्य चारी पायांवर उभं राहिलं. पण ‘आय टोल्ड’ एवढंच म्हणून थांबलीस तर ते लंगडतं. कोणाला सांगितलं? ‘से’ला माणूस जोडायचाच असेल तर मध्ये ‘टू’चा खिळा ठोकावा लागतो: ‘सेड टू मी’. ‘टेल’ला खिळा लागत नाही, त्याला माणूस अंगालाच शिवलेला असतो: ‘टोल्ड मी’. आपल्याकडेही बघ, ‘ती म्हणाली’ आणि ‘तिने सांगितलं’. म्हणताना ‘ती’ नुसती ‘ती’ राहते. सांगायला लागली की ‘तिने’ होते, म्हणजे सांगणाऱ्याच्या अंगाला काहीतरी चिकटतंच.

जिवंत उदाहरणं म्हणशील तर माझ्या घरात ढीग पडला आहे. आपल्या घराण्यात भांडण झालं की कोणी ओरडत नाही, जिन्याशी बोलतात. तुझी आजी तेच करायची, आता तुझी आईही तेच करते. ताई काल जिन्याच्या वळणावर आली आणि कठड्याला म्हणाली, “कोणाला भूक असेल तर सूप शेगडीवर आहे.” मी खालून शिवणयंत्राला म्हणालो, “काही लोकांना भूक नाही म्हणावं.” ती आत गेल्यावर मी वर जाऊन वाटी घेऊन आलो. आता हे घे: ‘शी सेड देअर वॉज सूप.’ सूप आहे असं ती म्हणाली. ‘शी डिड नॉट टेल मी.’ मला सांगितलं नाही. सूप मात्र मीच प्यालो.

अबोल्याचं कारण तुला ठाऊकच आहे. ती तुझ्याकडे राहायला आली होती तेव्हा मी तुझ्या बाबांची जुनी आरामखुर्ची खाली आणून नवी केली. पट्टे बदलले, काथ्या काढून उत्तम फोम घातला, वर हिरवं कापड. परत आल्यावर तिने खुर्चीकडे पाहिलं, म्हणाली, “खुर्ची छान झाली,” आणि त्यानंतर माझ्याशी एक शब्द नाही. आता हिरवा रंग नसेल आवडला. पण रंगावरून कोणी भावाला टाकतं का?

उत्तर धाड. खुर्चीचं आधी कळव.

तुझा
मामा

११ मार्च

प्रिय मामा,

खोकला गेला. खिडकीशीच झोपते. मैत्रिणीची दाढ काढली, ती तिने डबीत जपून ठेवली आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. घरमालकिणीचा गुडघा हवा बदलली की बोलतो. कुत्रा मजेत. चकती बसवली. आता माझी खुर्ची सरळ आहे आणि टेबल वाकडं आहे हे लक्षात आलं.

तुझी वाक्यं मी धड्यात घातली. मामा, काय झालं असेल सांग!

आमच्या साहेबांना प्रत्येक शब्द ठळक टाइपात हवा असतो, म्हणून आम्ही त्यांना ठळकसाहेब म्हणतो. माझ्या आधीच्या खर्ड्यात टॉम नावाचा एक इसम होता. ‘टॉम सेड द स्काय वॉज ब्ल्यू.’ ‘टॉम टोल्ड मेरी द स्काय वॉज ब्ल्यू.’ साहेब म्हणाले होते की हा टॉम मेलेला आहे आणि मेरीला ते कळलेलं नाही. परवा त्यांनी तुझं सूपवालं वाक्य वाचलं आणि चष्मा काढला.

“यात रक्तमांस आहे!” ते म्हणाले.

“सूप आहे, सर.”

“त्या सुपातच आहे!”

लगेच बैठक. चित्रकाराला दोन बाण काढायला लावले. ‘से’चा बाण हवेत जातो, ‘टेल’चा एका माणसाला जाऊन लागतो. चित्रकाराने बाण लागलेला माणूस चित्रात कळवळताना दाखवला, तर साहेब म्हणाले की त्याला हसरा करा, शिकणाऱ्यांचा उत्साह जातो. मग तो माणूस टाय घातलेला असावा की नसावा यावर जेवणाची सुट्टी संपली. शेवटी टाय घातला आणि छातीत बाण असून तो हसतो आहे.

साहेबांना अशीच आणखी वाक्यं हवीत. मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, “तुमच्या घरातलं भांडण इतक्यात मिटण्याची भीती नाही ना?” मी नाही म्हटलं. मामा, रागावू नकोस, नोकरीचा प्रश्न आहे. “या जागेचा विचार होईल,” असंही ते म्हणाले. पण खिडकीकडे बघून म्हणाले. तुझ्या हिशेबाने ते ‘से’ झालं ना? कोणाच्या जागेचा, कसला विचार, मला काही ‘टोल्ड’ नाही. माझ्याशेजारचा शुद्धलेखन तपासणाराही त्याच खिडकीत उभा होता. आता त्याला वाटतं की त्याच्या जागेचा विचार होणार आहे.

आईला मी फोनवर विचारलं. ती म्हणाली, “कसलं भांडण? खुर्ची छान झालीय.” एवढंच आणि फोन ठेवला. तो हिरवा रंग जरा शेवाळासारखा आहे, हे मीही मान्य करते. तपकिरी करून बघ. पण लगेच नको! पुढची वाक्यं आली की मग कर.

तुझी
चिमणी

१९ मार्च

प्रिय चिमणे,

टेबल वाकडं आहे हे कळलं, म्हणजे खुर्ची बरी झाली. निरोगी माणसालाच शेजाऱ्याचं दुखणं दिसतं.

तुझ्या ठळकसाहेबांना माझा नमस्कार कळव. भांडणाची काळजी करू नकोस म्हणावं. ताई मऊ पडायला लागली आहे, पण मी मुळीच नमतं घेत नाही. तुझी नोकरी पक्की होईपर्यंत हा अबोला मी सांभाळणार, शेजारणीचं पोर सांभाळावं तसा. वेळेवर दूध, वेळेवर झोप.

आता माल घे.

गेल्या मंगळवारी टपालवाला आला. ताई वळणावर उभी, मी दाराशी, आणि तो बिचारा मधल्या पायरीवर. ताई त्याला म्हणाली, “तुम्ही खाली जाताय तर म्हणावं, रात्री यंत्राची घरघर फार होते.” मी त्याला म्हणालो, “तुम्ही वर जाताय तर म्हणावं, खुर्ची सरकवल्याचीही होते.” तो म्हणाला, “मी कुठेच जात नाही. मला पत्र द्यायचंय आणि ते तिसऱ्याच घरचं आहे.” आता यातून वाक्य काढ. तो ‘से’चा माणूस की ‘टेल’चा? त्याला दोघांनीही सांगितलं, पण सांगणं त्याच्यासाठी नव्हतं. मला वाटतं, त्याला बाण लागला तो चुकून. त्या दिवसापासून तो पत्रं दाराखालून सरकवतो आणि पळतो.

आणखी एक मला आपसूक उमगलं. ‘टेल द ट्रुथ’ म्हणतात आणि ‘टेल अ लाय’ही म्हणतात. खरं आणि खोटं दोन्ही ‘टेल’च्याच घरात राहतात. बरोबरच आहे. खोटं बोलायलाही समोर माणूस लागतो, कठड्याशी खोटं बोलून काय मिळणार? हो आणि नाही ही दोन मात्र ‘से’कडे राहतात: ‘से येस’, ‘से नो’. ती पटकन तोंडातून निसटतात म्हणून असेल. गोष्ट ‘टेल’ करतात आणि घड्याळातली वेळही ‘टेल’ करतात. आणि दोन वस्तूंतला फरक ओळखता येणं, तेही ‘टेल’च: ‘टेल द डिफरन्स’. तिथे तर माणूसही नाही आणि सांगणंही नाही. हा एवढा धागा मला उसवता आला नाही. तू शिकलेली, तू बघ.

दंतवैद्याची खुर्ची झाली. तो स्वतः बसून बघायला तयार होईना, म्हणाला सवय नाही.

आणखी एक वाक्य आहे, उपयोगाचं वाटलं तर घे. ताई काल संध्याकाळी कठड्याला म्हणाली की वरच्या खोल्या रिकाम्या कराव्यात, सामान विकावं आणि लेकीकडे जाऊन राहावं, इथे आता काय ठेवलंय. ‘शी सेड शी वूड लीव्ह.’ बराच वेळ उभी होती. मी यंत्र चालवत नव्हतो, तरी पेडलवर पाय ठेवून होतो. ‘शी हॅज नॉट टोल्ड एनीवन.’ म्हणजे मला तरी सांगितलेलं नाही. तुला सांगितलं असेल तर कळव. मी आपलं सहज विचारतो, धड्याच्या दृष्टीने.

लवकर लिही.

तुझा
मामा

२७ मार्च

प्रिय मामा,

आईने मला काहीही सांगितलेलं नाही. माझी खोली तू पाहिली आहेस. त्यात मी, मैत्रीण आणि मैत्रिणीची दाढ एवढीच मावतो. पण ती खरंच यायचं म्हणत असेल तर हे रंगाचं भांडण नाही, मामा. मी तिला आजच पत्र लिहिलं आहे आणि स्पष्ट विचारलं आहे.

इथे कहर झाला आहे. ठळकसाहेबांनी अख्ख्या कचेरीत रोज एक ‘म्हणण्याचा तास’ सुरू केला. त्या तासात कोणी कोणाला काही सांगायचं नाही, नुसतं म्हणायचं. म्हणजे ‘से’ रक्तात भिनतं, असं ते म्हणाले. पहिल्या दिवशी हिशेबनीस हवेकडे बघून म्हणाला, “पगाराला उशीर होईल.” सगळ्यांनी ते उदाहरण समजून वहीत उतरवलं. पगाराला खरोखरच उशीर झाला. दुसऱ्या दिवशी शिपाई म्हणाला, “पाण्याची टाकी वाहतेय.” उत्तम वाक्य म्हणून त्याचं कौतुक झालं. दुपारी तळमजल्यावरचे कागदाचे गठ्ठे भिजले. चौकशी झाली. शिपाई म्हणाला, मी म्हटलं होतं. साहेब म्हणाले, सांगितलं का नाहीस? त्यावर तो म्हणाला, बंदी होती.

धडा आता सगळ्या पुस्तिकेचा मुकुटमणी होणार आहे. पण साहेबांना वरच्या चौकटीत भांडणाचं मूळ हवं. मधली जागा रिकामी ठेवायची आणि वाचणाऱ्यांनी ‘से’ की ‘टेल’ ते भरायचं. ‘भाऊ आणि बहीण का बोलत नाहीत?’ अशी ठळक ओळ वर. पुढच्या आठवड्यापर्यंत मूळ आणा, मग तुमच्या जागेचं बघू, असं म्हणाले. या वेळी निदान माझ्याकडे बघत होते.

तू नीट जेवतोस ना? नुसती वाटी चोरून आणू नकोस, पावही घेत जा.

तुझी
चिमणी

२ एप्रिल

चिमणे,

तुझं पत्र वाचलं. तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालते, कारण आजारी असतीस तर इतके प्रश्न विचारले नसतेस. मी बरी आहे. मामा बरा नाही, पण त्याला ते माहीत नाही.

तो तुला लिहितो की नमतं घेत नाही? रोज सकाळी कापडाचे तुकडे पाकिटात घालून माझ्या पायरीवर ठेवतो. तपकिरी, राखाडी, निळं, चट्ट्यापट्ट्यांचं. परवा तर गुलाबी होतं. मी ते परत खालच्या पायरीवर ठेवते, तो उचलतो आणि दुसरं शोधायला लागतो. त्याच्याकडची सगळी कापडं संपत आली असतील. मी वळणावर गेले की हा खाली दार उघडं टाकून नुसता उभा असतो. माझ्या मऊ पडण्याच्या गोष्टी तुला कोणत्या तोंडाने लिहितो कोण जाणे.

रंगाचं काही नाही गं. हिरवा चांगला आहे. काम तर असं केलंय की दुकानात ठेवलं असतं तर पहिल्या दिवशी विकलं गेलं असतं.

तुझे बाबा त्या खुर्चीत बसायचे. सरळ कधी बसलेच नाहीत, डावीकडे रेलून, वर्तमानपत्र दिव्याशी धरून. मी म्हणायची, पाठ वाकडी होईल. पाठ नाही झाली, खुर्ची झाली. डावीकडे खोल खड्डा, उजवीकडे उथळ. ते गेल्यावर मी तिच्यात एकदाही बसले नाही. दिवा लावला की त्या खड्ड्यात नुसता हात ठेवायची. बस, एवढंच. कोणाला सांगण्यासारखी गोष्ट आहे का ही?

तुझा मामा कारागीर. त्याला खड्डा दिसला की हात शिवशिवतात. तुझ्याकडून परत आले, दार उघडलं, तर खुर्ची छाती काढून बसलेली. डावी-उजवी सारखी. तो दारात उभा, बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या, तोंडावर इतका आनंद की मला आमची आई आठवली. काय बोलणार होते मी? खुर्ची छान झाली म्हणाले. त्यानंतर त्याच्यासमोर तोंड उघडलं तर रडू फुटेल हे कळत होतं, म्हणून जिन्याशी बोलते. कठड्यासमोर रडू येत नाही.

तिकडे यायचं म्हणते ते तुझी खोली आवडते म्हणून नाही. माझ्या घरात ती खुर्ची परक्या पाहुण्यासारखी बसली आहे आणि तिला ऊठ म्हणता येत नाही.

हे तुझ्या साहेबांच्या चौकटीत छापलंस तर बघ. आणि मामाला सांगू नकोस. त्याचा जीव तुटेल. सांगू नकोस असं मी म्हटलंय, एवढं लक्षात ठेव. पुढचं तू मोठी आहेस, तुझं तू बघ.

आई

७ एप्रिल

प्रिय मामा,

आज खुशाली विचारत नाही. हे पत्र हातातलं काम खाली ठेवून, खाली बसून वाच. तोंडात खिळे असतील तर आधी काढ.

आईला हिरवा रंग आवडला आहे. तुझ्याकडे परतून येणारी सगळी कापडंही तिला आवडली आहेत, बहुतेक गुलाबीसुद्धा. मामा, त्या खुर्चीत डाव्या बाजूला खड्डा होता. तू तो भरलास. तो बाबांच्या बसण्याचा होता. बाबा गेल्यापासून आई संध्याकाळी दिवा लावून त्या खड्ड्यात हात ठेवायची. तिने तुला सांगितलं नाही, कारण तू आनंदात होतास. तुला सांगू नको, असं मला म्हणाली. मी सांगते आहे.

तू मुद्दाम केलं नाहीस हे तिला ठाऊक आहे, मलाही. पण ती खोल्या रिकाम्या करायचं म्हणते ते यासाठी. कापडं पाठवू नकोस. वर जा.

धड्यातून आपल्या घरची सगळी वाक्यं मी काढून टाकली. सूप काढलं, टपालवाला काढला. टॉम आणि मेरी परत आले. ठळकसाहेब खर्डा वाचून हळहळले, “जीव गेला हो धड्यातला! आणि भांडणाचं मूळ?” मी म्हटलं, “सर, मूळ मला कळलंय आणि मी ते देणार नाही.” ते खिडकीकडे वळून म्हणाले, “जागांबाबत योग्य वेळी...” तेव्हा मी जाऊन खिडकी आणि साहेब यांच्या मध्ये उभी राहिले आणि सांगितलं की मला कायम करायचं असेल तर आज लेखी द्या, नसेल तर मी दुसरीकडे बघते. ते दचकले. म्हणण्याच्या तासानंतर त्या कचेरीत कोणी कोणाला काही सांगितल्याची ती पहिलीच वेळ असावी. सही करून दिली. सही ठळक आहे.

कागद माझ्या हातात देऊन त्यांनी आवाज खाली आणला. पुढचा धडा ‘बॉरो’ आणि ‘लेंड’ या जोडीवर आहे, उसनं घेणं आणि उसनं देणं. “तुमच्या घरात उसनवारीवरून काही बेबनाव आहे का?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, टॉमला विचारून सांगते.

वर जा, मामा.

तुझी
चिमणी

२१ एप्रिल

प्रिय चिमणे,

तुझी नोकरी कायम झाली, तोंड गोड कर आणि खुर्चीचे चारी पाय तपासून घे, आता तिच्यात बराच काळ बसायचं आहे.

तुझं पत्र आलं तेव्हा तोंडात खरंच खिळे होते. आमच्या धंद्यात ओठांत खिळे धरून काम करतात, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. तू लिहिल्याप्रमाणे आधी काढले. बरं झालं. वाचून संपल्यावर मी तोंड उघडं टाकून किती वेळ बसलो होतो देव जाणे. आलेल्या गिऱ्हाइकाला वाटलं की दंतवैद्याची खुर्ची अजून इथेच आहे, तर दंतवैद्यही इथेच असेल.

जन्मभर मी लोकांचे खड्डे भरले. कोणाच्या बसण्याने काय झालंय हे मी बोट ठेवून सांगतो, ही बाई एका पायावर भार टाकते, हा माणूस उठायच्या घाईत कडेवरच बसतो. आणि माझ्याच घरच्या खुर्चीत माझा भावोजी बसला होता, तो मला दिसला नाही. मला दिसला ढिला काथ्या.

जुना माल मी टाकत नाही. काथ्या पोत्यात होता, जुनं कापड घडी करून फळीवर होतं. ते दोन्ही घेऊन मी जिना चढलो. वळणावर थांबलो नाही. दार वाजवलं. ताईने उघडलं, पोत्याकडे बघितलं, माझ्या मागे कठड्याकडे बघितलं. मी म्हणालो, “ताई, मी तुझ्याशी बोलतोय. चुकलं माझं. मला खड्डा दिसला, भावोजी दिसले नाहीत.”

ती आत गेली. मला वाटलं संपलं. तर दिवा घेऊन आली आणि खुर्चीशी धरून उभी राहिली. म्हणजे उघड, असा त्याचा अर्थ. मी तिथेच जमिनीवर बसून हिरवं कापड उसवलं, फोम काढला, काथ्या भरला, जुनं कापड चढवलं. ती शेवटपर्यंत दिवा धरून होती. मध्ये एकदा, “हात भाजेल, मागे हो,” म्हणाली. कोणाला म्हणाली? तिथे मी एकटाच होतो.

पण चिमणे, काथ्या एकदा बाहेर काढला की फुगतो. खुर्ची जुनी दिसायला लागली, खड्डा काही आला नाही. मी मुठीने दाबून पाहिला, गुडघा ठेवून पाहिला. मुठीचा खड्डा मुठीसारखाच दिसतो. शेवटी हातोडी खाली ठेवली आणि खरं ते सांगितलं. “ताई, खड्डा भरता येतो, करता येत नाही. तो बसून बसून होतो. मला जमणार नाही.”

तिने त्या सपाट बैठकीवर हात ठेवला. मी पोतं आवरायला लागलो.

“मग बस,” ती म्हणाली.

“कुठे?”

“कुठे म्हणजे? खुर्चीत. टाचण्या, तुला सांगतेय मी. बस.”

लहानपणी मी सगळ्यांचे कपडे टाचण्यांनी उशांना टाचून ठेवायचो, तेव्हापासूनचं ते नाव. किती दिवसांनी ऐकलं. मी बसलो.

“असा नाही. डावीकडे रेल. ते काय असे परीक्षेला बसल्यासारखे बसायचे?”

रेललो.

“आणखी.”

तेव्हापासून रोज संध्याकाळी दुकान बंद केलं की मी वर जातो आणि खुर्चीत बसतो. हातात वर्तमानपत्र धरावं लागतं, वाचलं नाही तरी चालतं. माझं वजन भावोजींच्या निम्मं, त्यामुळे ती म्हणते की तुझ्या हाडांनी खड्डा पडायचा तर माझा जन्म जाईल. म्हणून आता सूप दोन वाट्या, वर लोणी लावून पाव. खोल्या रिकाम्या करायचं कठडा आता ऐकत नाही. काल मी अर्धवट झोपेत होतो तेव्हा तिने माझ्या खांद्यापाशी, खुर्चीच्या डाव्या बाजूला हात ठेवलेला मला कळला. मी जागा झालो नाही. झालो असतो तर तिने काढला असता.

तुझ्या धड्यातला एक नियम माझ्याकडून राहिला होता, तो लिहितो. ‘टेल’च्या पुढे माणूस, माणसाच्या पुढे ‘टू’ आणि त्याच्या पुढे काम आलं की ती आज्ञा होते. ‘शी टोल्ड मी टू सिट.’ तिने मला बस असं सांगितलं. नियम छाप, वाक्य छापू नकोस. तिथे टॉमला बसव.

हे पत्र खुर्चीतूनच लिहितो आहे, डावीकडे रेलून, म्हणून अक्षर तिरकं आलंय. ताई समोर बसून सांगते आहे, “चिमणीला लिही, पत्र मिळालं त्याच दिवशी उत्तर टाक. पत्राला उशीर झाला की हा सारखा उठून जिन्यात टपालवाला बघायला जातो, आणि मग खड्डा पडायचा राहतो.”

तुझा
मामा